दिसत नाही तर मोजलं कोणी? अवकाशातल्या कचऱ्याच्या आकड्यांबद्दल

बांधावरचा_मास्तर | ७ फेब्रुवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला विज्ञान शिकवतो. २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आमच्या भागात कोणी विसरणार नाही. गुढीपाडव्याचा दिवस, पावणेआठचा सुमार. आभाळातून जळते गोळे रांगेनं सरकत गेले आणि लाडबोरीत मोकळ्या जागेवर तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. पुढच्या काही दिवसांत आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही सापडले. उपग्रहांचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तेव्हाच सांगितलं होतं, की फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या चांग झेंग ३-बी रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा.

परवा वर्गात हा विषय निघाला. युरोपीय अवकाश संस्थेचे आकडे मी फळ्यावर लिहिले : पृथ्वीभोवती १० सेंटीमीटरपेक्षा मोठ्या वस्तू ५० हजारांच्या वर, १ सेंटीमीटरपेक्षा मोठे तुकडे १२ लाखांच्या वर, आणि मिलिमीटरवाले १३ कोटींच्या घरात. त्यातल्या साधारण ४० हजारांवरच नियमित नजर असते, हेही सांगितलं. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "सर, चाळीस हजारच दिसतात, तर बारा लाख मोजले कोणी?"

मला उत्तर देता आलं नाही. उद्या सांगतो म्हणालो, त्याला आज चार दिवस झाले. सातवीच्या पोरांना कळेल असं कोणी सांगू शकेल का? कडं पडलं तेव्हा ही मुलं आठ-नऊ वर्षांची होती, बहुतेकांनी ते जळते गोळे डोळ्यांनी पाहिलेत.

---

दिगंशकोन | ७ फेब्रुवारी, रात्री १०:४०

मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीनं या विषयाच्या मुळावरच बोट ठेवलं. नागपूरला भौतिकशास्त्र शिकवताना हाच प्रश्न मी एम.एस्सी.च्या मुलांना विचारत असे.

बारा लाख तुकडे कोणीही एकेक करून मोजलेले नाहीत. मोजमापाच्या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे यादी. खालच्या कक्षांत साधारण १० सेंटीमीटरपासून पुढच्या वस्तू रडारला पुन्हा पुन्हा सापडतात. प्रत्येकीला क्रमांक मिळतो, कक्षा ठरते. तुमच्या लाडबोरीच्या रॉकेटलाही असा क्रमांक होता.

दुसरी पायरी नमुन्याची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला हेस्टॅक नावाचं ३६ मीटर तबकडीचं रडार आहे. कचरा मोजायचा असतो तेव्हा ते कशाचाही पाठलाग करत नाही. आभाळात एका दिशेला रोखून स्थिर ठेवतात आणि किरणातून जे आरपार जाईल त्याची नोंद घेतात. तो किरण हजार किलोमीटर अंतरावर जेमतेम एक किलोमीटर रुंद असतो. शेकडो तास असं एकटक पाहिलं, की अर्ध्या सेंटीमीटरपर्यंतचे तुकडे किती वेळा ओलांडून जातात ते कळतं. कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन तर दोन-तीन मिलिमीटरपर्यंत पोचतं. पण एकदा गेलेला तुकडा पुन्हा ओळखता येत नाही. त्याला क्रमांक नाही, फक्त नोंद आहे.

तिसरी पायरी त्याहून बारीक कणांची. तिथे रडारही चालत नाही, खड्डे मोजावे लागतात. त्यावर कोणी जाणकार इथे असेल तर लिहावं.

या सगळ्यांना जोडणारं जे गणित, त्याला प्रारूप म्हणायचं. बारा लाख हा आकडा त्यातून येतो.

---

माजी_कृषी_सहायक | ८ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

मास्तर, पोरांना पीक कापणी प्रयोग सांगा. त्यांच्या घरी तो सगळ्यांना माहीत आहे.

मी बत्तीस वर्षं हेच काम केलं. अख्ख्या महसूल मंडळाचं धान कोणी कापून तोलत नाही. गावं चिठ्ठीनं निघतात, गट नंबर चिठ्ठीनं, आणि बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कुठे उभं राहायचं तेही आकड्यांच्या तक्त्यावरून. ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच कापायचं, मळायचं, तोलायचं. त्यावरून मंडळाचं सरासरी उत्पन्न निघतं, आणि ते उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेलं तरच विम्याचा पैसा. दिगंशकोन सर म्हणतात तो रडारचा किरण म्हणजे आमचा चौकोन.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे म्हणून लिहिते. एका वर्षी आमच्या मंडळात चौकोन निघाले ते सगळे तळ्याखालच्या ओलिताच्या बांध्यांत. वरच्या कोरडवाहू बांध्या करपल्या होत्या. आकडा चांगला आला आणि कोणाला दमडी मिळाली नाही. चिठ्ठी खरीच होती, माप खरं होतं, पण चौकोन कमी होते. म्हणून माझा सरांना प्रश्न : तुमचा चौकोन कुठे पडतो, हे कोण बघतं?

---

दिगंशकोन | ८ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

ताई, हा प्रश्न या क्षेत्रातल्या लोकांना कायम छळतो.

हेस्टॅक साधारण ४२.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ते जवळजवळ डोक्यावर पाहत असेल तर विषुववृत्ताशी ४० अंशांपेक्षा कमी कोन करून फिरणारा तुकडा त्याच्या किरणात कधी येणारच नाही. त्याच्या दृष्टीनं त्या वरच्या कोरडवाहू बांध्या. म्हणून काही तास रडार दक्षिणेकडे क्षितिजाजवळ झुकवून ठेवतात. अंतर वाढतं, त्यामुळे बारीक तुकडे निसटतात, पण त्या कक्षा नजरेत येतात.

तुमच्या उपमेत एक भर घालतो. धान जागेवर उभं असतं, तुकडे ताशी २७ हजार किलोमीटरनं धावतात. त्यामुळे इथे चौकोन हलवावा लागत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, किरण तिच्यासोबत फिरतो, आणि आभाळातल्या कक्षा आपोआप त्याच्यासमोरून सरकतात.

दुसरी अडचण मापाची. रडारला तुकड्याची लांबी दिसत नाही, परत आलेल्या लहरींचा जोर कळतो. चपटा पत्रा आडवा असताना मोठा भासतो, उभा असताना लहान. मग जमिनीवर उपग्रहावर गोळी झाडून त्याचे तुकडे केले, त्यातले ३९ निवडून प्रयोगशाळेत सगळ्या बाजूंनी रडारखाली फिरवले, आणि जोरावरून आकार काढायचं कोष्टक बनवलं. आजही अवकाशातल्या तुकड्यांचा आकार त्या ३९ तुकड्यांच्या आधारानं सांगितला जातो. मला हे फार मोलाचं वाटतं, आणि त्याच वेळी ३९ हा आकडा किती लहान आहे हेही जाणवतं.

---

पांढरं_सोनं | ८ फेब्रुवारी, दुपारी १:०५

मी यवतमाळकडचा. मास्तर, सर, तुमचं वाचून राहिलो, चांगलं सांगून राहिले तुम्ही. पण मले एक सांगा. लाडबोरीच्या रॉकेटले नंबर होता म्हणता, म्हणजे थे यादीत होतं. मंग कुठं पडणार हे आधी कोणी कायले नाही सांगितलं? त्या दिवशी थे कडं कोणाच्या घरावर पडलं असतं तर? आणि भरपाई कोणाकडं मागाची?

---

दिगंशकोन | ८ फेब्रुवारी, दुपारी २:३०

भाऊ, यादीत असणं वेगळं आणि कुठे पडेल ते ठाऊक असणं वेगळं.

शेवटच्या फेऱ्यांत वस्तू सेकंदाला साडेसात-पावणेआठ किलोमीटर जाते. एका मिनिटाची चूक म्हणजे साडेचारशे किलोमीटर. दोन मिनिटं चुकलं तर नागपूर म्हणता म्हणता मुंबईच्या पुढे समुद्रात. आणि चूक मिनिटांची नसते. जितका वेळ उरला असेल त्याच्या साधारण पाचवा हिस्सा इकडे-तिकडे धरायचा, असा ठोकताळा आहे. पाच तास उरले असतील तर तासभर अलीकडे-पलीकडे, म्हणजे पृथ्वीला सव्वा फेरीहून जास्त.

कारण वरची हवा. दीडशे-दोनशे किलोमीटरवर ती अतिशय विरळ असते, पण सूर्य तापला की फुगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एकाच उड्डाणातले ४९ स्टारलिंक उपग्रह वर गेले आणि सौरवादळानं हवा दाट झाल्यामुळे त्यातले ३८ च्या आसपास खाली ओढले जाऊन जळाले. त्यात रॉकेटचा टप्पा गडगडत येतो. कधी आडवा, कधी उभा. हवा त्याला किती अडवेल ते दर क्षणी बदलतं.

भरपाईबद्दल : १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत त्यात आहे. जमिनीवर नुकसान झालं तर वस्तू सोडणारा देश जबाबदार, त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. दावा मात्र सरकारनं सरकारकडे करायचा, सर्वसाधारणपणे वर्षाच्या आत. २४ जानेवारी १९७८ ला सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवाला उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडात पडला, तेव्हा कॅनडानं ६० लाख डॉलर मागितले आणि ३० लाख मिळाले. लाडबोरीला कोणाला इजा झाली नाही, हे आपलं नशीब.

मास्तर, पोरांना एवढं जरूर सांगा, की असं काही सापडलं तर हात लावायचा नाही. टाक्यांमध्ये विषारी इंधनाचा अंश असू शकतो.

---

लोणारची_शाळा | ८ फेब्रुवारी, रात्री ८:४८

तिसऱ्या पायरीबद्दल मी लिहिते. मी बुलढाणा जिल्ह्यात भूगोल शिकवते, दर वर्षी मुलांना लोणारला नेते. पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर, पण ते पाडणारा दगड कोणी पाहिला नाही. खड्डा, त्यातली काच झालेली माती आणि फुटलेला बेसाल्ट पाहून आघात झाला एवढं आपण ठरवलं. अवकाशातही नेमकं हेच करतात, फक्त विवर डोळ्याला दिसेल न दिसेल एवढं.

एप्रिल १९८४ मध्ये अमेरिकेनं बसएवढा एक सांगाडा वर सोडला, एलडीईएफ नावाचा. जानेवारी १९९० मध्ये स्पेस शटल या ये-जा करणाऱ्या यानानं तो परत आणला. पावणेसहा वर्षं त्याच्या पत्र्यांवर जे आदळलं त्याचे हजारो खड्डे होते. शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तपासला. खड्ड्याच्या तळाशी आदळलेल्या कणाचा अंश चिकटून राहतो. त्यात मॅग्नेशियम, लोह, सिलिकॉन असेल तर उल्केचा कण. टायटॅनियम, जस्त असेल तर रंगाचा पोपडा, म्हणजे माणसाचा कचरा. अडचण ॲल्युमिनियमची. पत्रा ॲल्युमिनियमचा आणि आदळणारा कणही ॲल्युमिनियमचा, तर ओळखायचं कसं? म्हणून काही ठिकाणी सोन्याचे पत्रे लावले होते.

१९८३ मध्ये चॅलेंजर शटलच्या काचेवर चार-पाच मिलिमीटरचा खड्डा पडला होता. तपासलं तर रंगाचा कण, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा.

मला काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. २०११ मध्ये शटल थांबलं. तेव्हापासून असे पत्रे खाली आणून तपासायची सोय जवळजवळ संपली. शिवाय शटल फार उंच जात नसे. आज कचऱ्याची फार मोठी गर्दी ६०० ते १००० किलोमीटरच्या पट्ट्यात आहे आणि तिथल्या एक ते तीन मिलिमीटरच्या कणांचं थेट मोजमाप कोणाकडेच धड नाही. रडारला ते बारीक पडतात, खड्डे पाहायला वस्तू परत येत नाही. उपग्रहाच्या भिंतीला आणि तारांना भोक पाडायला हाच आकार पुरतो. नासानं डिसेंबर २०१७ मध्ये अवकाश स्थानकावर यासाठी एक मोठं संवेदक पाठवलं, ते बसवल्यावर महिनाभरही चाललं नाही.

---

वैनगंगाकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री १२:१८

मी ब्रह्मपुरीचा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हे वाचून झोप लागली नाही, म्हणून गणित करून पाहिलं.

टक्कर झाली की किती तुकडे होतात, याचं नासाचं एक सूत्र आहे. दोन्ही वस्तूंचं मिळून वजन किलोमध्ये घ्यायचं, त्याचा ०.७५ घात. तुकड्याची लांबी मीटरमध्ये, तिचा उणे १.७१ घात. दोन्हींचा गुणाकार आणि त्याचा दहावा भाग. तेवढ्या लांबीपेक्षा मोठे तुकडे तितके.

१० फेब्रुवारी २००९ ला सैबेरियाच्या वर ७९० किलोमीटरवर इरिडियम ३३ आणि बंद पडलेला कॉसमॉस २२५१ हे दोन उपग्रह एकमेकांवर आपटले. एक साधारण ५६० किलोचा, दुसरा ९०० चा. सूत्रात घातलं तर १० सेंटीमीटरच्या वरचे बाराशे तुकडे येतात. यादीत प्रत्यक्षात २३०० च्या आसपास चढले. आधी वाटलं माझं चुकलं, तीनदा केलं, तेवढंच आलं.

दुसरं म्हणजे, १० च्या जागी १ सेंटीमीटर घातलं की संख्या ५१ पट होते. म्हणजे दिसणाऱ्या प्रत्येक तुकड्यामागे न दिसणारे पन्नास! मास्तर सर, तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा अर्धा जीव मला या घातात आहे असं वाटतं.

सर, दुप्पट फरक चालतो का?

---

दिगंशकोन | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

शाब्बास. तुझं गणित बरोबर आहे. यादीतले काही तुकडे १० सेंटीमीटरहून लहान असतात, म्हणून थोडा फरक तिथेच जातो. उरलेला खरा आहे. आपटताना दोन्ही उपग्रह पूर्ण भिडले की कडेला घासले, कोणत्या धातूचे, किती जुने, यावर बरंच ठरतं. या क्षेत्रात दुपटीच्या आत आलं तर सूत्र टिकलं म्हणतात.

सूत्र जुन्या उपग्रहांवरून बनलेलं, हीही एक मर्यादा. २०१४ मध्ये आधुनिक बनावटीचा ५६ किलोचा एक नकली उपग्रह उभा करून त्यावर सेकंदाला ६.८ किलोमीटर वेगानं गोळा झाडला. भिंतींना फोम लावून त्यात रुतलेले तुकडे क्ष-किरणांनी शोधले. दोन मिलिमीटरच्या वरचे ८५ हजार निघतील असा अंदाज होता. लाखाच्या बरेच वर निघाले, आणि त्यात काळ्या कार्बन धाग्याच्या काड्यांची रेलचेल. असल्या हलक्या काड्यांना हवा लवकर ओढते, म्हणजे त्यांचं वरचं आयुष्यही वेगळं.

आता आमच्या कृषी सहायक ताईंसाठी. मोठी प्रारूपं दोन. युरोपचं मास्टर पेरणीपासून सुरू करतं. आजवर झालेल्या साडेसहाशेहून जास्त स्फोट-टकरींपैकी प्रत्येकीतून किती तुकडे निघाले ते सूत्रानं काढायचं, हवेच्या आणि सूर्याच्या हिशेबानं एकेक वर्ष पुढे चालवायचं, आणि आज काय उभं आहे ते बघायचं. नासाचं ऑर्डेम कापणीपासून मागे येतं : रडारच्या नोंदी आणि खड्डे हातात घेऊन त्यांना जुळेल असं पीक मांडायचं. मिलिमीटरच्या पट्ट्यात दोघांची उत्तरं जुळत नाहीत. लोणारच्या ताईंनी सांगितलेली पोकळी ती हीच.

---

पांढरं_सोनं | ९ फेब्रुवारी, दुपारी १२:५०

सर, भारतानं काय केलं याच्यात? आपण बी कचरा केला का? खरं सांगा.

---

वैनगंगाकाठ | ९ फेब्रुवारी, दुपारी ३:२२

काका, केला. डिसेंबर २००१ मध्ये आपल्या पीएसएलव्ही-सी३ रॉकेटचा वर राहिलेला चौथा टप्पा फुटला, तीनशेहून जास्त तुकडे झाले. त्यानंतर उरलेलं इंधन आणि दाब काढून टाकायची पद्धत इस्रोनं लावली.

२७ मार्च २०१९ ला मिशन शक्तीत आपण आपलाच उपग्रह तीनशे किलोमीटरच्या आत फोडला. तुकडे ४५ दिवसांत खाली येतील असं तेव्हा सांगितलं गेलं. बरेचसे लवकर आलेही, पण काही वर्षाहून जास्त वर राहिले. मी त्यांचा आलेख काढला. आडव्या अक्षावर फेरीचा काळ, उभ्यावर प्रत्येक तुकड्याचं सर्वांत उंच आणि सर्वांत खालचं टोक. कोणीही काढू शकतं, कक्षांची माहिती खुली असते. फुटताना काही तुकड्यांना पुढच्या दिशेनं रेटा मिळतो, त्यांचं खालचं टोक तिथेच राहतं पण वरचं टोक शेकडो किलोमीटर वर जातं. ते फक्त खालच्या टोकाला हवेत घासतात, म्हणून टिकतात. चीननं जानेवारी २००७ मध्ये ८६५ किलोमीटरवर उपग्रह फोडला, त्याचे तीन हजारांहून जास्त तुकडे यादीत चढले आणि त्यातले बरेच आजही वर आहेत. उंचीचा फरक केवढा पडतो ते हे दोन आलेख शेजारी ठेवले की दिसतं.

अलीकडचं चांगलंही आहे. मार्च २०२३ मध्ये मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह इस्रोनं ठरवून पॅसिफिकमध्ये उतरवला. बंगळुरूला २०२२ पासून या कामाचं वेगळं केंद्र आहे. २०३० पर्यंत कचरामुक्त मोहिमांचं उद्दिष्ट जाहीर केलंय. पण लहान तुकडे मोजायला हेस्टॅकसारखं रडार आपल्याकडे हवं, आणि मला त्यावरच काम करायचं आहे. आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत. हेस्टॅकला ज्या कक्षा नीट दिसत नाहीत त्या आपल्या डोक्यावरून जातात.

---

माजी_कृषी_सहायक | ९ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१०

बाळा, वरच्या बांध्यांत चौकोन टाकायचं काम तू घे. मनापासून आशीर्वाद.

---

बांधावरचा_मास्तर | १४ फेब्रुवारी, सायंकाळी ७:३५

सगळ्यांचे आभार. आज शनिवार, सकाळची शाळा. मैदानावर चुन्यानं २० बाय १० मीटरचा पट्टा आखला. लाखोळीचे चारशे दाणे मोजून घेतले, ते फक्त मला माहीत. दोन मुलांनी ते पट्टाभर उधळले. बांबूच्या कामट्यांची एक मीटरची चौकट केली, चिठ्ठीनं वीस जागा काढल्या, आणि पोरांनी गुडघ्यावर बसून दाणे वेचून मोजले. वीस चौकटींत ४१ दाणे. पट्टा दोनशे चौरस मीटर, म्हणजे ४१०. मी खिशातली चिठ्ठी उघडून चारशे दाखवले तेव्हा जो कल्ला झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला.

पण एका गटाचं उत्तर ४८२ आलं. त्यांच्या वहीत पाहिलं, तर वीसपैकी तीन चौकटींत एकही दाणा नव्हता, त्या त्यांनी सोडून दिल्या आणि सतरानं भागलं. त्याच मुलीनं पुन्हा हात वर केला : "सर, जिथे काही सापडलंच नाही ती चौकट कशाला मोजायची?"

या वेळी उत्तर मी तिच्याकडूनच काढलं. उधळलेल्या पट्ट्यात ती जागाही होती ना? होती. मग ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे रडारनं रात्रभर पाहिलं आणि काही गेलं नाही, तरी ते लिहायचं."

सर, तिथेही असंच लिहितात ना?

---

दिगंशकोन | १४ फेब्रुवारी, रात्री ८:०२

हो मास्तर. नोंदीत आधी किती तास पाहिलं ते लिहितात, मग किती दिसले ते. तास लिहिलेले नसतील तर पुढच्या आकड्याचा काहीच उपयोग नाही. तिला सांगा.

आणि पुढच्या शनिवारी चारशेऐवजी चाळीसच दाणे उधळा. त्याच वीस चौकटी. किती गटांची उत्तरं किती लांब जातात ते इथे कळवा.